सेकंड क्लॅरिनेटची अडतीस मापं

मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. दुबईत एवढं सांगितलं की पुढे कोणी काही विचारत नाही, पण पुण्यात माझ्या आईला अजून कळलेलं नाही की मी नेमकं काय करतो. एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत येणारं-जाणारं प्रत्येक ड्रॉइंग माझ्या हातून जातं. कोणतं नवं, कोणतं जुनं, साइटवर कोणती प्रत गेली, याची नोंद ठेवायची. नवी प्रत आली की जुनी परत मागवायची, तिच्यावर ‘रद्द’चा शिक्का मारायचा आणि ती श्रेडरमध्ये घालायची. जुनी प्रत साइटवर राहिली तर भिंत भलत्याच जागी उभी राहते. सतरा वर्षांत माझ्यामुळे एकही भिंत भलत्या जागी उभी राहिली नाही, आणि मला या गोष्टीचा जरा जास्तच अभिमान होता.

माझ्या याच गुणामुळे फिरदोस मॅडमनी मला धरलं. मॅडम मूळच्या दादर पारसी कॉलनीतल्या. इथल्या एका शाळेत तीस वर्षं संगीत शिकवून रिटायर झाल्या आणि मग त्यांनी हौशी लोकांचा ऑर्केस्ट्रा काढला. दर शनिवारी सकाळी दहाला ऊद मेथातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये बत्तीस माणसं जमतात. त्यात एक दातांचे डॉक्टर, विमानतळावरचे दोन इंजिनिअर, फिलिपिनो नर्स, गोव्याचा ट्रम्पेटवाला असे सगळे आहेत. माझी सोळा वर्षांची मुलगी पर्णिका सेकंड क्लॅरिनेट वाजवते. करामातल्या आमच्या घरून मी तिला सोडायला जायचो आणि बाहेर बाकावर बसून राहायचो. एकदा वाऱ्याने विखुरलेले कागद मी उचलून नंबराप्रमाणे लावून ठेवले, ते मॅडमनी पाहिलं, आणि मी ऑर्केस्ट्राचा लायब्ररियन झालो. पगार नाही, पण इराणी चहा मिळतो.

ऑगस्टमध्ये मॅडमनी होवर्थ आणला.

एलिफलेट होवर्थ हा अमेरिकेत, मेन राज्यातल्या एका गावात पियानो जुळवून देणारा माणूस. १८५२ साली त्याने एक सिम्फनी लिहिली. त्या काळी तिथल्या मोठ्या शहरांच्या ऑर्केस्ट्रांत बरेचसे वादक जर्मनीहून आलेले असत आणि वाजवतही जर्मनीचंच. अमेरिकन माणूस सिम्फनी लिहितो म्हटलं की लोकांना हसू यायचं. होवर्थची सिम्फनी त्याच्या गावच्या टाउन हॉलमध्ये तीनदा वाजली आणि मग एका पेटीत जाऊन पडली. तिथल्या छोट्या लायब्ररीने ती पेटी आता कुठे उघडली होती. मॅडमनी ईमेलवर ईमेल लिहून आतल्या कागदांचे स्कॅन मागवले.

“त्याच्या घरात त्याला कोणी ऐकला नाही,” मॅडम पहिल्या दिवशी सगळ्यांना म्हणाल्या. “आपण पण परक्या गावात परक्यांचा म्युझिक वाजवते. याला आपल्याहून चांगला कोण समजणार, बोला.”

मला ते पटलं.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. ऑर्केस्ट्रात प्रत्येकासमोर फक्त त्याच्याच वाद्याचे सूर लिहिलेला कागद असतो. बाकीचे काय वाजवताहेत ते त्यात नसतं. जिथे आपल्याला वाजवायचं नसेल तिथे एक जाड आडवी रेघ आणि तिच्यावर आकडा असतो: इतकी मापं गप्प बसा. मापाला इंग्रजीत बार म्हणतात, पण ‘आमची पर्णिका रोज अडतीस बार मोजते’ असं बिल्डिंगमध्ये कोणी ऐकलं तर भलतंच व्हायचं, म्हणून आम्ही घरात माप म्हणतो. होवर्थच्या दुसऱ्या, संथ भागात एक माप चार सेकंदांचं आहे. सेकंड क्लॅरिनेटला मध्यावर अडतीस मापं गप्प बसायचं असतं आणि मग एकटीने एक लांब सूर धरायचा असतो. सगळा भाग त्या सुरावर येऊन उभा राहतो.

जुनी शाई फिकी पडली होती, म्हणून मी रोज ऑफिसहून आल्यावर एकेका वाद्याचा कागद कॉम्प्युटरवर नव्याने टाइप केला. एक रीत मला फार आवडली. त्या काळचे वादक कार्यक्रम झाला की आपल्या कागदाच्या मागच्या पानावर पेन्सिलने सही करून तारीख घालत. प्रत्येक कागदाच्या मागे तीन सह्या होत्या, १८५३, १८७१ आणि १९२६ च्या. १९२६ साली सगळ्यांनी १४ मार्च लिहिलं होतं. फक्त सेकंड क्लॅरिनेटवाल्याने, कोणी विल्यम टरेल, ११ मार्च लिहिलं होतं, आणि सहीखाली बारीक अक्षरात इंग्रजीत एक ओळ होती: हो, ऐकू येतंय. मी तारखेच्या चुकीची नोंद केली. त्या ओळीला मी काही वादकांचा आपसातला विनोद समजलो.

पहिली तालीम छान झाली. होवर्थची सगळ्या वाद्यांची मूळ एकत्र प्रत हरवली होती, तेव्हा मॅडमनी पहिल्या व्हायोलिनचाच कागद समोर ठेवून हात हलवले. पर्णिकाचा सूर बरोबर जागेवर आला. तो सूर ऐकून नर्सबाईंनी चेलो खाली ठेवून डोळे पुसले. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग करत होतो. मुलीचं कौतुक चारचौघांत करू नये म्हणतात, म्हणून मी मोबाइलकडेच बघत राहिलो.

पुढच्या आठवड्यात मी सगळे कागद जोडून एकत्र प्रत तयार करायला बसलो, आणि हिशेब जुळेना. दुसऱ्या भागात प्रत्येक वाद्याची एकशे सेहेचाळीस मापं होती. सेकंड क्लॅरिनेटची एकशे सत्तेचाळीस. शोधत गेलो तर चूक त्या गप्प बसण्यात निघाली. बाकी सगळ्यांच्या कागदांवरून तिथे सदतीस मापं व्हायला हवी होती, हिच्या कागदावर अडतीस होती.

मी रेकॉर्डिंग लावून टिंबं काढत मोजलं. सदतीस.

“पर्णिका, तू किती मोजलीस गं?”

“थर्टी-एट.”

“आणि बरोबर आलीस कशी?”

“आय काउंटेड थर्टी-एट अँड इट केम.”

मी तिला समोर बसवलं. जेवणाच्या टेबलावर मोबाइल ठेवला, आणि आम्ही दोघांनी मोठ्याने एकत्र मोजलं, मी मराठीत आणि ती इंग्रजीत. दहापर्यंत आम्ही बरोबर होतो, वीसपर्यंत बरोबर होतो. ती घाई करत नव्हती, मी रेंगाळत नव्हतो. एकही आकडा मागेपुढे झाला नाही. आणि क्लॅरिनेटचा सूर लागला तेव्हा माझे सदतीस झाले होते आणि तिचे अडतीस. आम्ही तीनदा मोजलं. तीनदा तसंच झालं.

“इट फिट्स, बाबा,” ती म्हणाली. “जस्ट लीव्ह इट.”

सोडून द्यायला हवं होतं. पण ज्याची जन्मभर खोड एकच, आकडा जुळला पाहिजे, त्याला कोण समजावणार? मूळ स्कॅन मोठा करून पाहिला तर तिथेही कोणीतरी अडतीस खोडून सदतीस केलं होतं, आणि मग त्याच अक्षरात पुन्हा अडतीस. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही कोणाला तरी शंका आली होती. पुन्हा लिहिलेल्या अडतीसकडे मी काणाडोळा केला; माझ्या मते निकाल लागला. मी सदतीस मापांची सुधारित प्रत काढली, पर्णिकाच्या फाइलमधली जुनी ऑफिसला नेली, शिक्का मारला आणि श्रेडरमध्ये घातली.

त्या शनिवारी ती चार सेकंद आधी आली.

सगळे थांबले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा ती आधी आली. तिने सदतीस मोजले होते, मीही मागे बसून सदतीस मोजले होते, आणि तिचे संपले तेव्हा माझे छत्तीस झाले होते. चौथ्या वेळी मॅडम म्हणाल्या, “डीकरा, तू मोजू नको. माझ्या हाताकडे बघ.” मग ती हात बघून बरोबर आली. घरी मात्र ती रोज संध्याकाळी त्याच कागदावरून सदतीस मोजून सराव करत होती.

मंगळवारी मी स्वयंपाकघरातून डोकावलो.

“नो थँक्स,” ती म्हणाली.

“चहा घेणार का?” मी विचारलं. तोंडातून शब्द निघून गेल्यावर मी तिथेच उभा राहिलो. ती पुस्तकातून वर न बघता म्हणाली, “आय सेड नो, बाबा.”

मुलांना आईबापांचे प्रश्न पाठ असतात. मी तसंच समजून चाललो. गुरुवारी वैभवीने, माझ्या बायकोने, कपाटं धुंडाळत विचारलं, “अरे, थर्मास कुठे ठेवलाय कोणी?” आणि मला आठवलं की अर्ध्या मिनिटापूर्वी ब्रश करता करता पर्णिका कारण नसताना म्हणाली होती, “बिहाइंड द राइस, आई.” थर्मास तांदळाच्या डब्यामागे होता.

त्या दिवशी मी वही केली. मला दुसरं काही येत नाही. पाच रकाने आखले: उत्तर, त्याची वेळ, प्रश्न, त्याची वेळ, अंतर. पहिल्या दिवसांत अंतर सेकंदांचं होतं. मग मिनिटांचं झालं, मग तासांचं, मग दिवसांचं. ज्या दिवशी ती जास्त सराव करी त्या दिवशी ते जास्त वाढे. ती उत्तर देई, आम्ही कामाला लागू, आणि पुढे कधीतरी आमच्यापैकी कोणीतरी न ठरवता तोच प्रश्न विचारी. तेव्हा ती गप्प राही. तिचं उत्तर देऊन झालेलं असे. प्रश्न विचारायचा नाही असं ठरवूनही मी पाहिलं. एकवीस नंबरचं उत्तर होतं ‘साडेसहा’. मी दोन दिवस घड्याळाबद्दल एक शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी बाथरूममधून तोंडाला साबण असताना मी ओरडलो, “किती वाजले?” बाहेर ती उभी होती, आणि ती काही बोलली नाही. साडेसहा वाजले होते.

वैभवीला मी वही दाखवली. ती क्लिनिकमध्ये लॅब टेक्निशियन आहे, नोंदींवर तिचाही विश्वास आहे. तिने सगळी पानं वाचली.

“दमलीय ती,” वैभवी म्हणाली. “आणि तू तिच्यावर पाळत ठेवतोयस. बंद कर हे.” मग तिने विचारलं, “तिला स्वतःला कळतंय का?”

तिला कळत नव्हतं. तिच्या बाजूने सगळं सरळ होतं. एकदा गाडीत ती वैतागून म्हणाली, “व्हाय डझ एव्हरीवन से एव्हरीथिंग ट्वाइस? आय आन्सर, अँड देन यू ऑल आस्क अगेन. आय ॲम ऑल्वेज वेटिंग फॉर यू गाइज.” खिडकीकडे तोंड करून ती बराच वेळ बसली. तिला रडू येत होतं.

मग शाळेतून बोलावणं आलं. फिजिक्सच्या खतीजा मिस सौम्य बाई होत्या. त्यांनी आम्हाला उत्तरपत्रिका दाखवली. पाच प्रश्नांची उत्तरं स्वच्छ अक्षरात लिहिलेली होती, पण ती त्या पेपरातल्या प्रश्नांची नव्हती.

“ये अगले टेस्ट के आन्सर्स हैं,” मिस म्हणाल्या. आम्हाला वाटलं पेपर फुटल्याचा आरोप येणार. पण त्यांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. “उपेंद्रजी, ये उस ने दस दिन पहले लिखा है. क्वेश्चन्स मैं ने कल बनाए.”

त्या आमच्याकडे बघत होत्या. त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या की त्यांना तो शाळेत ठेवायचा नाही.

पुढचा रविवार. सकाळचे नऊ. मी पोहे करत होतो, कारण रविवारचे पोहे माझ्याकडे असतात. वैभवी फोनवर पुण्याला माझ्या आईशी बोलत होती आणि माझीच नक्कल करत होती. मला फोनवर दर दोन वाक्यांनी ‘ऐकू येतंय का?’ विचारायची सवय आहे. परदेशात राहून सगळ्यांनाच लागते, मला जरा जास्त आहे. “अहो, हा समोर बसलेल्यालाही विचारतो,” वैभवी हसत सांगत होती.

पर्णिका पहिली बशी घेऊन टेबलाशी बसली होती. तिने चमचा खाली ठेवला. समोर पांढरी भिंत आणि त्यावर कॅलेंडर, दुसरं काही नव्हतं.

“हो बाबा, ऐकू येतंय,” ती म्हणाली. “पण तू दिसत नाहीयेस. इथे कोणीच दिसत नाहीये.”

ती हे मराठीत बोलली.

ती चौथीत गेल्यापासून आम्हाला मराठीत उत्तर देत नाही. आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, घराघरात असंच आहे. आवाज घाबरलेला नव्हता. फार शांत होता, कोणीतरी दमून बसलेलं असावं तसा. मग तिने चमचा उचलला आणि पोहे खाल्ले.

मी गॅस बंद केला. वहीत त्रेसष्ट नंबर टाकून उत्तर लिहिलं आणि वेळ लिहिली, नऊ वाजून चार मिनिटं.

मग मी लॅपटॉप काढला आणि विल्यम टरेलची सही पुन्हा पाहिली. सगळ्यांच्या तीन दिवस आधीची तारीख. तिच्याखाली ती ओळ. खोडलेलं अडतीस, त्यावरचं सदतीस, आणि पुन्हा लिहिलेलं अडतीस त्याच्याच हातचं होतं. १९२६ नंतर कोणत्याच कागदावर सही नव्हती.

त्याच दुपारी मी फिरदोस मॅडमकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मला उंटावरचा शहाणा म्हणतील असं वाटलं होतं, तसं काही त्या म्हणाल्या नाहीत.

“तीस वरस मी पोरांना शिकवला,” त्या म्हणाल्या. “एखादा पोर आपल्या हिशेबाने मोजते आणि बरोबर येते. त्याला विचारायचं नाही, कसा मोजला म्हणून. तू विचारला, उपेंद्र. आता परत ठेव त्याचा माप.”

मी परत ठेवलं. अडतीस मापांची तिसरी प्रत काढली. सदतीसची श्रेडरमध्ये घातली, आणि या वेळी पट्ट्या बाहेर येईपर्यंत तिथे उभा राहिलो. गप्प बसण्याच्या नेमक्या कोणत्या ठिकाणचं माप मी काढलं होतं आणि कुठे परत ठेवलं, हे मला माहीत नाही. तिथे फक्त एक रेघ आणि आकडा असतो. आकडा बदलला एवढंच मला करता आलं.

कार्यक्रम नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाचला झाला. सत्तरेक लोक आले होते. मी शेवटच्या रांगेत बसून मांडीवर बोटांनी मोजत होतो. पर्णिका क्लॅरिनेट मांडीवर आडवं धरून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. माझे सदतीस झाले तेव्हा तिने क्लॅरिनेट ओठांना लावलं होतं. सूर आला. अगदी जागेवर आला. शंभर वर्षं पेटीत पडलेल्या माणसाचा तो सूर हॉलभर उभा राहिला, आणि मला आजूबाजूच्या लोकांची लाज न वाटता रडू आलं.

नंतर मॅडमनी सगळ्यांना पेन्सिली वाटल्या. सगळ्यांनी आपापल्या कागदामागे सही केली आणि तारीख घातली. मी पर्णिकाच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. तारीख त्याच दिवसाची होती.

घरी येताना मी आरशात तिच्याकडे बघून विचारलं, “भूक लागलीय का?”

मी मनात मोजू लागलो.

“स्टार्व्हिंग,” ती म्हणाली. प्रश्नानंतर म्हणाली.

त्या दिवसापासून तिची उत्तरं वेळेवर येतात. वहीत उघडी राहिलेली जुनी उत्तरं होती, त्यांचे प्रश्न पुढच्या तीन आठवड्यांत एकेक करून आले. प्रश्न येई, ती नुसती बघे, तिचं तिलाच कळेना की आपण का बोलत नाही. मी आत जाऊन रकाना भरी. एकही उत्तर प्रश्नाशिवाय राहिलं नाही. वैभवी म्हणाली, आता ती वही फेकून दे. मी हो म्हटलं.

फक्त त्रेसष्ट नंबरचा रकाना रिकामा आहे.

प्रश्न काय आहे हे मला कळायला वेळ लागला नाही. तो मी जन्मभर दिवसातून दहा वेळा विचारत आलोय. त्या रविवारनंतर मी तो एकदाही विचारलेला नाही. आईशी बोलताना आवाज तुटला तर मी फोन ठेवून पुन्हा लावतो. पर्णिकाने हे ओळखलंच. “बाबा, यू डोन्ट आस्क दॅट एनीमोर,” ती परवा हसून म्हणाली. “इट्स वीअर्ड.”

जानेवारीत कंपनीने मला खोर फक्कानला पाठवलं. बंदरात कंटेनर यार्डचं काम आहे. नाही म्हणून पाहिलं, पण इथे नाही म्हणून कोणाचं काही झालंय का? आठवडाभर इथे राहतो, शुक्रवारी संध्याकाळी डोंगरातले बोगदे ओलांडून घरी जातो. साइट ऑफिस म्हणजे एक पोर्टा केबिन. मागे उघडे काळे डोंगर आहेत, त्यामुळे रेंज येते-जाते. रोज सहा वाजता घरी फोन करतो. आवाज गेला की मी तोंड बंद ठेवतो आणि मनात मोजतो, संथ चालीत, चार सेकंदांचं एक माप. सहसा पाच-सहा मापांत आवाज परत येतो.

आज वैभवी क्लिनिकमधून यायची होती, पर्णिका घरी एकटीच होती. ती मला नव्या सिम्फनीबद्दल सांगत होती. मॅडमनी असाच आणखी एक कोणी शोधून काढलाय, ओहायोचा. बोलता बोलता ती म्हणाली, “होल्ड ऑन, बाबा, समवन्स ॲट द डोअर.” तिची पावलं ऐकू आली. दाराची कडी वाजली.

मग काही नाही.

फोन मी समोर टेबलावर ठेवलाय, ड्रॉइंगच्या गठ्ठ्यावर. दुसऱ्या फोनवरून वैभवीला मेसेज टाकलाय, ती टॅक्सीत आहे, वीस मिनिटांत पोचेल. हात रिकामे राहू नयेत म्हणून हे शेवटचं लिहितोय. रेंजच्या चारही काड्या भरलेल्या दिसताहेत. स्क्रीनवर सेकंद पुढे सरकताहेत, म्हणजे कॉल चालू आहे.

अडतीस झाली. तो प्रश्न तोंडातून निघू नये म्हणून मी दात घट्ट मिटून पुन्हा एकपासून सुरुवात केलीय.